उतारात आडवी लावलेली गाडी

हरणांवर माझी माया होती म्हणून मी हे सगळं केलं, असं आता गावातली नवी पोरं पाव्हण्यारावळ्यांना सांगतात. ऐकायला बरं वाटतं, पण ते खरं नाही. हरणांनी माझा हरभरा खाल्ला, तूर खाल्ली, नुकती उगवलेली ज्वारी कोंबासकट खाल्ली. रानात उभं राहून मी त्यांना तोंडाला येतील त्या शिव्या दिलेल्या आहेत. माया नव्हती. हट्ट होता. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, तेही मास्तरनं ढकलत नेलं म्हणून. पण एवढं मला कळतं की हट्टानं जे होतं ते मायेनं होत नाही. ज्याला पटत नसेल त्यानं आमच्या गावाला यावं आणि गायरानात जाऊन बघावं.

तीर्थपुरी आणि कुंभार पिंपळगाव, या दोन बाजारांच्या मधे सडकेपासून आत आमचं गाव. जमीन काळी, दोन सरी पडल्या की पायातली वहाण ओढून घेणारी. गावाच्या उगवतीला मोठं गायरान आहे आणि गाव अन् गायरान यांच्या मधून नाला जातो. नाल्याचे दोन्ही काठ सरळ तुटलेले. पाणी असो की कोरडा असो, चाकाची वस्तू त्यातून पार होत नाही. फक्त एक जागा अशी आहे की जिथं दोन्ही काठ ढासळून सपाट झालेत आणि खाली पक्का मुरूम आहे. त्या जागेला आम्ही उतार म्हणतो. उतार बाभळींच्या आड आहे. नव्या माणसाला कोणी बोट धरून दाखवल्याशिवाय तो सापडत नाही. समोर काळवीट चरताना दिसतं, आणि माणूस नाल्याच्या काठाकाठानं उन्हं उतरेपर्यंत हिंडतो.

हरणं आमच्याकडं टिकली ती या नाल्यामुळं. माणसांच्या चांगुलपणाचा त्यात काही वाटा नव्हता.

औरंगाबादेतून फुटून जालना वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर थोड्याच दिवसांत शहरातल्या बड्या लोकांच्या जीपा आमच्या रस्त्याला दिसायला लागल्या. सुगीच्या आधी ज्वारी हुरड्यात आली की यायचे. कोणाच्या तरी ओळखीनं हुरडा खायचा, आणि पोट भरलं की गाडीतून बंदूक काढायची. उतार दाखवायला आमच्याच गावचा माणूस पुढं बसायचा. तो माणूस म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ. त्याला पैशाचा लोभ नव्हता. जीपमध्ये पुढच्या शिटावर बसायला मिळायचं, एवढ्यावर गडी खूश. हरण पडलं की गावच्या मुलाणीला बोलावणं जायचं, तो सुरी फिरवायचा, एक तंगडी गावाला ठेवून जीप जायची. गावालाही त्याची सवय झाल्ती.

मलाही तोवर त्याचं काही वाटत नव्हतं. मग एके वर्षी मी पऱ्हाटीत कापूस वेचून राह्यलो होतो, आणि एक जीप माझ्या उभ्या हरभऱ्यातून धूळ उडवत आली. गोळी वाजली. माझ्या बांधाला एक काळवीट पडलं, पाय झाडून राह्यलं होतं. जीपमधला माणूस खाली उतरलाच नाही. बसल्या जागेवरून माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाला, "ए, उचल रे ते."

मला. माझ्या बांधावर.

मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. शेवटी चुलतभाऊच उतरला आणि हरण उचलून मागं टाकलं. मी त्याला म्हणालो, "हे उचललंस ते हरण न्हाई. आपल्या आज्याचा फेटा उचलून त्याच्या गाडीत टाकलास."

"दादा, पाव्हणा हाय. पाव्हण्याला उलट बोलतेत का?"

"पाव्हणा मांडीला मांडी लावून बसतो. ह्यो गाडीतून उतरला का?"

त्या दिवसापासून मी हट्ट धरला. रेडिओवर ऐकलं होतं की काळवीट मारणं गुन्हा आहे. पारावर बसून मी ते सांगितलं, तर पारावरचे हसले. एक म्हणाला, "दादा, कायदा जालन्याला ऱ्हातो. इकडं एस्टी दोनदाच येती." दुसरा म्हणाला, "मरू द्या की चार. आपलीच पिकं वाचतेत." ते बराबरही होतं. पण समोरच्याचं बराबर आहे म्हणून माणसानं हट्ट सोडायचा असं कुठं आहे?

आमच्या घराला एक मान आहे. पोळ्याला मारुतीसमोर तोरण बांधतात, त्याच्या खालून पहिली जोडी आमची जाते. ती गेल्याशिवाय दुसऱ्या कोणाची जात नाही. मग मारुतीला फेरी, मग मंगलाष्टका म्हणून बैलांची लग्नं लागतात, मग घरोघर पुरणपोळी. त्याआधी कोणी तोंडात घास घालत नाही. हा मान माझ्या बापाला त्याच्या बापाकडून आला. आम्ही त्याचा उपयोग कधी केला नव्हता. मान हा मिरवायचा असतो, वापरायचा नसतो, असंच सगळे समजायचे.

खांदेमळणीच्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळता चोळता माझ्या डोक्यात आलं. घरात कोणालाच सांगितलं नाही.

पोळ्याच्या दिवशी सगळं गाव मारुतीसमोर जमलं. झुली, बाशिंगं, घुंगरमाळा, शिंगांना बेगड. वाजंत्री सुरू झाली. मी माझी जोडी घेऊन तोरणापर्यंत गेलो आणि थांबलो.

"चला दादा," मागून कोणीतरी म्हणालं.

मी हललो नाही.

"दादा, बैल बुजला का?"

"बैल ठीक हाय. गाव बुजलंय."

वाजंत्री थांबली. लोक पुढं आले. मी म्हणालो, "बेलभंडारा उचला. आजपासून उतार कोणी कोणाला दाखवणार न्हाई, अन् हरणाचं मटण कोणी घरात घेणार न्हाई. तवर माझी जोडी तोरणाखालून जात न्हाई."

आधी हसले. मग माझं तोंड बघितलं आणि हसायचं थांबले. आमच्याकडं बेलभंडारा उचलायचा म्हणजे खेळ नाही. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडला तर त्या घराशी कोणी सोयरीक करत नाही.

"दादा, सणाच्या दिवशी हे काय काढलं?"

"सणाच्या दिवशीच सगळे एका जागेवर सापडता. रोज कुठं सापडता?"

"बायका उपाशी बसल्यात पोळ्या करून!"

"माझी पण बसलीय."

चुलतभाऊ गर्दीतून पुढं आला. रागानं लाल झाल्ता. "बायको रुसली तर तिला लुगडं देता येतं. ह्यो रुसला तर ह्याला काय द्यावं माणसानं?"

लोक हसले. मीही हसलो. पण जागेवरून हललो नाही. तेव्हा मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं खरा सवाल केला. तो म्हणाला, "आम्ही उचलतो. पण हरणं वाढली तर खातील कोणाचं? तुझं की आमचं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "नाल्याच्या काठची माझी पट्टी हाय. तिथं मी दर साली हरभरा पेरीन अन् राखण करणार न्हाई. आधी माझं खाऊ द्या. त्यातून पोट भरलं न्हाई तर तुमच्याकडं येतील, तवा गोफण मारा, डबे वाजवा, काय करायचं ते करा. पण बंदुकीला वाट दाखवायची न्हाई."

ती पट्टी माझ्या सगळ्या जमिनीत सरस. हे गावाला माहीत होतं. म्हातारा म्हणाला, "गुरवाला बोलवा रे. ताट आणा."

एकेकानं उचलला. मुलाणी बाजूला उभा होता. मी त्याला म्हणालो, "तुम्हाला बेलभंडाऱ्याची बळजबरी न्हाई."

तो म्हणाला, "दादा, मेरा तो पहलेसेच जी नहीं था. छुरी मेरी, गोश्त उनका, अन् पाप कुणाचं?" असं म्हणून त्यानं मशिदीकडं तोंड केलं आणि दोन्ही कानांना हात लावले. सगळ्यात शेवटी चुलतभावानं उचलला. भंडारा माझ्या अंगावर झटकला आणि म्हणाला, "घे. पण आजपासून तुझं माझं बोलणं बंद." आणि त्यानं ते पाळलं. हट्ट आमच्या रक्तातच आहे, एकट्या माझ्यात नाही.

माझी जोडी तोरणाखालून गेली तेव्हा दिवस बुडायला आल्ता. वाजंत्री अशी वाजली की काय सांगू!

पुढच्या थंडीत जीपा आल्या. लोकांना विचारलं, उतार कुठं? लोक म्हणाले, कसला उतार? बाया म्हणाल्या, आम्ही लग्न होऊन आलो, आम्हाला काय ठाऊक? एकानं तर एका जीपवाल्याला इतक्या प्रेमानं वाट सांगितली की ती जीप बुडापर्यंत चिखलात बसली आणि ओढून काढायला त्यालाच बैल न्यावे लागले. हळूहळू जीपा कमी झाल्या. गायरानात कळप दिसायला लागले. माझी पट्टी ते दर साली साफ करायचे. एक घाटा ठेवायचे नाहीत. मी बांधावर उभा राहून शिव्या द्यायचो, ते मान वर करून ऐकायचे आणि परत खायला लागायचे. शिव्या देताना बघायला लागतंच, आणि बघता बघता ओळख होते. एक काळवीट होतं, त्याचं एक शिंग जरा बाहेर वळलेलं. ते माझ्याकडं असं बघायचं जसा मी तलाठ्याकडं बघतो.

आता ज्यासाठी हे सगळं काढलं ते सांगतो.

माझी थोरली मुलगी जालन्याला दिली. जावई चांगल्या शेतकरी घरातले, शहरात बियाण्याचं छोटं दुकान टाकलेलं. लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा रीतीप्रमाणे मी त्यांना गाडीत बसवून सगळं शिवार दाखवलं. उतारातून पलीकडं नेलं, गायरान दाखवलं, हरणं दाखवली. अभिमानानं दाखवली. माणूस जावयाला घरातला दागिना दाखवतो तशी.

गावानं शब्द दिला होता. जावई गावात मोडत नाही. आणि जावयाच्या हातात कोणी बेलभंडारा देत नाही, तो पाव्हणा. ही फट माझ्या ध्यानात आली नाही, गावातल्या कोणाच्याच आली नाही.

दोन-तीन थंड्या गेल्या. जावयानं निरोप पाठवला की हुरड्याला येतो, सोबत एक मोठा माणूस आहे, बियाण्याच्या एका मोठ्या कंपनीतला. तो खूश झाला तर तालुक्याची एजन्सी मिळती. घरात धांदल उडाली. मुलगीही जावयासोबत येणार होती. शेतात आगटी पेटवली, कोवळी कणसं भाजली, गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी. पाव्हणा दोघांना आपल्याच जीपमधून घेऊन आला, बरोबर त्याचा ड्रायव्हर. हुरडा खूप खाल्ला, माझी स्तुती केली. मला तो माणूस वाईट वाटला नाही. खाणं झालं, हात धुतले आणि त्यानं जीपमधून कापडात गुंडाळलेली बंदूक काढली.

जावई माझ्याजवळ आले. आवाज हळू. "मामा, पाव्हण्याला जरा गायरान दाखवून आणतो."

"बंदूक कशाला?"

"मामा, एकच. एक फक्त. त्यांचा शौक हाय. एजन्सी ह्याच्यावर अडकलीय."

"गावानं बेलभंडारा उचललाय, जावईबापू."

त्यांनी खाली बघितलं आणि म्हणाले, "मी कुठं उचललाय?"

ते खरं होतं. मी मुलीकडं बघितलं. ती आगटीजवळ बसली होती, वर बघत नव्हती. माझी घरची माझ्या बाजूला येऊन म्हणाली, "अहो, जावई हाय. पोरीच्या संसाराचं बघा. एका हरणानं काय होतंय?"

एका हरणानं काय होतं ते मला बराबर ठाऊक होतं. एका हरणानं उतार उघडतो. दादाच्या जावयाला चालतं तर आम्हाला का नाही, असं दुसऱ्या दिवशी पारावर म्हणणार, आणि त्यांना नाही म्हणायला मला तोंड राहणार नाही. आणि अडवलं, तर माझी लेक जालन्याला कोणत्या तोंडानं परत जाणार? जावयाला सासऱ्यानं नाही म्हटलं, असं आमच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं.

मी गोठ्याकडं वळलो. जीप पांदणीनं फिरून जाणार होती, तो लांबचा रस्ता. माझ्या शेतातून उतार जवळ. गोठ्यासमोर तुराट्यांनी भरलेली बैलगाडी उभी होती. मी बैल जुंपले आणि हाकलले.

उतारात गाडी आडवी लावली. बैल सोडले, जवळच बाभळीला बांधले. मग चाकाची खीळ काढली आणि पहारीनं रेटून चाक आखातून बाहेर काढलं. गाडी तुराट्यांसकट एका अंगावर बसली. मी चाक आडवं टाकलं आणि त्याच्यावर बसलो. तेवढ्यात जीपचा आवाज आला.

जावई उतरले. "मामा, काय झालं? चाक निखळलं का?"

खोटं बोलायची संधी होती. हो म्हटलं असतं तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. पण आयुष्यभर हट्ट खरा केला, आता खोट्यानं कशाला जिंकायचा?

"निखळलं न्हाई, जावईबापू. मी काढलं."

"मामा…"

"तुम्हाला न्हाई म्हणायचा मला अधिकार न्हाई. तुम्ही जा. पण गाडी हलणार न्हाई."

पाव्हणा जीपमध्येच होता. त्याला अजून गंमत वाटत होती. शेजारच्या वावरात माझा चुलतभाऊ शेणखत टाकून राह्यला होता. आवाज ऐकून काठावर आला. त्या पोळ्यापासून माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. माझ्याकडं बघितलं, जावयाकडं बघितलं, जीपच्या पुढच्या शिटाकडंही बघितलं, तिथं जागा रिकामी होती. मग वळून गेला. मला वाटलं, गेला. आता गावात जाऊन सांगणार आणि लोक मजा बघायला येणार.

तो परत आला तो गाडीसकट. अर्धं शेणखत अजून गाडीतच होतं. त्यानं ती गाडी माझ्या गाडीच्या बाजूला आडवी लावली, बैल सोडले, खाली उतरला आणि धोतराला हात पुसत म्हणाला, "तुझी गाडी एकटी दिसत होती, दादा."

मी म्हणालो, "खीळ काढू का तुझ्याही चाकाची?"

"काढ की. जुनी झालीय, नवी करायचीच हाय."

येताना त्यानं वावरावावरात हाळी दिली होती. मागून आणखी दोन गाड्या आल्या, मग पांदणीतून, जीपच्या पाठीमागून, कडबा भरलेली एक आली आणि तिथंच थांबली. पोळ्याला उपाशी ठेवलं म्हणून ज्यांनी मला शिव्या घातल्या तेच लोक होते. एकानं विचारलं, "काय दादा, आज पोळा हाय का?" मी म्हणालो, "हाय. बैल घेऊन आलात ना?" मुलाणीनं दुरून सगळं बघितलं आणि फटफटी काढून वनरक्षकाला आणायला गेला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आता पाव्हण्याला गंमत वाटेना. तो उतरला, बंदूक हातात. मला म्हणाला, गाडी काढ. मी म्हणालो, काढत नाही. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि तरातरा बाभळीकडं गेला. माझ्या जोडीतल्या उजव्या बैलाच्या कपाळाला बंदुकीची नळी लावली.

"गाडी काढतोस, की ह्याला आडवा करू?"

मी उठलो. पण मी पोचायच्या आधी जावई पोचले. मी त्यांना इतकं जोरात चालताना कधी बघितलं नव्हतं. त्यांनी नळीला हात घातला आणि खाली दाबली.

"साहेब, बैलावर न्हाई."

"तू मधे येऊ नको. एजन्सी पाहिजे ना तुला?"

"बैलाला चुकून पाय लागला तर आमच्या घरी पाया पडतेत साहेब. तुम्ही नळी लावली." हात नळीवरून काढला नाही. "मी आणलं तुम्हाला हितं. चुकलं माझं. आता चला परत."

"ठीक हाय," पाव्हणा म्हणाला. "बस गाडीत. बाकीचं जालन्यात बघू."

जावई बसले नाहीत. बैलाजवळच उभे राहिले, त्याच्या मानेवर हात ठेवून.

जीप मागं वळवायला गेले तर मागं कडब्याची गाडी. गाडीवाला म्हणाला, बैल पाणी प्यायला गेलेत, येतील. ते येईपर्यंत मुलाणीच्या फटफटीवर मागं बसून वनरक्षक आला. उतारापासून पलीकडं गायरानात कळप दिसत होता. वनरक्षकानं विचारलं तेव्हा पाव्हणा एकदम मऊ झाला. म्हणाला, हुरडा खायला आलो, बंदूक तर रानडुकराच्या भीतीनं जवळ ठेवली, परवाना आहे. गावातल्या कोणीच त्याच्या तोंडून शिकारीचं ऐकलं नव्हतं. मीही नाही. मला जे सांगितलं ते जावयानं. म्हणजे खरं सांगू शकणारा एकच माणूस तिथं होता, आणि त्यालाच ते सांगितल्यानं सगळ्यात जास्त तोटा होणार होता.

वनरक्षकानं जावयाला विचारलं, "तुम्ही ह्यांच्यासोबत आलात. कशासाठी आल्ते हे?"

मी जावयाकडं बघितलं नाही. आपण बघितलं तर त्यांना वाटेल सासरा काही मागून राह्यला आहे, आणि मला मागायचं नव्हतं. तेवढ्यात माझी मुलगी शेतातून चालत तिथं आली, घाईनं, पदर सावरत. ती गाडीच्या कडेला उभी राहिली.

जावई म्हणाले, "काळवीट मारायला आल्ते. मला कालच सांगितलं. मीच वाट दाखवायला आणलं. माझं पण नाव लिहा."

पंचनामा झाला. बंदूक जप्त झाली, काडतुसं जप्त झाली. जावयानं सही केली, मीही केली. माझी सही व्हायला वेळ लागतो, एकेक अक्षर कोरावं लागतं. त्या दिवशी कोणी घाई केली नाही. वनरक्षक पेन माझ्या हातातून घ्यायला थांबला होता, आणि मी मुद्दाम आणखी हळू केली.

खटला लांबला. जावयाला तारखांना जावं लागलं, पण त्यांना आरोपी न धरता साक्षीदार धरलं. एजन्सी गेली ती गेलीच. दुकान मात्र चाललं. उलट आमच्या आणि आजूबाजूच्या गावातले लोक बियाणं घ्यायला त्यांच्याकडंच जायला लागले, हिशोब साधा होता: हा माणूस खोटं बियाणं देणार नाही. ती जीप परत आमच्या शिवारात दिसली नाही. कोणतीच दिसली नाही. आता गायरानात संध्याकाळी उभं राहिलं तर कळपाचा शेवट दिसत नाही. जालन्याहून लोक येतात फोटो काढायला, उतारातून पायी जातात, आणि मला विचारतात, बाबा, हरणं तुम्ही वाचवली का? मी म्हणतो, माझ्या हरभऱ्यानं वाचवली. आणि छाती काढून उभा राहतो. कशाला खाली वाकायचं?

त्या दिवशी संध्याकाळी जावयाला आणि मुलीला परत जायचं होतं. येताना जीपमधून आल्ते, आता जीप पाव्हण्याला घेऊन निघून गेली होती. चुलतभावानं आणि मी मिळून चाक बसवलं, तुराट्या उतरवल्या, आणि मी त्यांना गाडीतून सडकेवर एस्टीला सोडायला निघालो. घरचीनं उरलेला हुरडा फडक्यात बांधून दिला. गाव मागं पडलं. मग जावई म्हणाले, "मामा, तुमच्या मनात राग असंल माझ्यावर."

"राग असता तर चालत धाडलं असतं तुम्हाला."

मुलगी मागं बसली होती. ती म्हणाली, "दादा, ह्यांना मी लग्न झाल्यापासून सांगते की माझ्या बापाच्या नादी लागू नका, तो ऐकत न्हाई. आज तर हेच तुमच्यासारखे झाले. आता मी जालन्याला कसं करायचं?"

"कसं करायचं म्हणजे?"

"इथं एक होता, तिथं दुसरा झाला. दोन अडेल माणसं एका बाईनं सांभाळायची?"

जावई हसले. मोकळे हसले, पहिल्यांदाच. मग मला म्हणाले, "मामा, कासरा द्या. सडकेपर्यंत मी हाकतो."

मी कधीच कोणाला माझी जोडी हाकू दिलेली नाही, माझ्या चुलतभावाला नाही, माझ्या पोराला नाही. मी कासरा त्यांच्या हातात दिला आणि मागं मुलीजवळ जाऊन बसलो. त्यांनी बैलांना आवाज दिला आणि बैल त्यांच्यासाठी चांगले चालले. मला त्याचाही अभिमानच वाटला.